डावा हात वर

आमच्या घरात माणसं तीन, आणि तिघंही एका वेळी घरात असल्याचं मला फारसं आठवत नाही. बाबा ट्रॉलरवर तांडेल होते, म्हणजे बोट त्यांच्या हुकमावर चालायची. एकदा समुद्रात गेले की आठ-आठ दिवस त्यांचं तोंड दिसायचं नाही, आणि आले की पहिले दोन दिवस नुसते झोपायचे. आई पहाटेच पाटी घेऊन बंदरावर, तिथून बाजारात. मी उठायच्या आधी ती गेलेली असायची आणि मी शाळेतून आले तरी ती यायची असायची. मांडवीच्या त्या घराची किल्ली माझ्या गळ्यात काळ्या दोऱ्यात अडकवलेली असे. दार उघडायचं, स्टोव्हशेजारी ताटाखाली झाकलेली भाकरी घ्यायची, सोबत जवळ्याची चटणी, नाहीतर आदल्या दिवशीचं बांगड्याचं तिखलं. ते दुसऱ्या दिवशी जास्तच चांगलं लागतं, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. जेवायचं, ताट धुवायचं आणि मग बसायचं. माडाच्या झावळ्या पत्र्यावर खसखस घासायच्या, लांब बंदरातून इंजिनांची डुगडुग ऐकू यायची. एवढाच काय तो शेजार. आता लोक विचारतात, पमाताई, तुम्हाला एकटीला कसं हो करमतं या घरात? मी म्हणते, अहो, मला लहानपणापासूनची सवय आहे. म्हणते खरी, पण सवय झाली म्हणून ते आवडायला लागतं असं थोडंच आहे.

शाळेतही काही वेगळं नव्हतं. आई ज्या दिवशी सकाळी घरात सापडायची त्या दिवशी मासळीत हात घालून मग माझी वेणी घालायची. त्यामुळे माझ्या केसांना वास यायचा. मला कळायचा नाही, बाकीच्यांना कळायचा. आठवीत बाकावर माझ्या शेजारची मुलगी बाईंना काहीतरी सांगून पुढे जाऊन बसली, आणि मी जवळजवळ महिनाभर एकटी बसले. मग एक दिवस शैला आली, दप्तर आपटलं आणि म्हणाली, "सरक गो. पुढे फळा दिसत नाही मला." पुढे बसणाऱ्याला फळा दिसत नाही असं कधी असतं का? पण मी सरकले. शैला वरच्या आळीतली. तिचे वडील दुसऱ्या एका शाळेत गणित शिकवायचे, घरात आजी, काकू, चुलत भावंडं, सतत कुणीतरी कुणाला तरी हाका मारत असायचं. तिच्याकडे गेलं की माझं डोकं गरगरायचं आणि निघताना पाय निघायचा नाही. तिने वासाबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही. मीही तिला कधी विचारलं नाही की तू मागे का आलीस. काही गोष्टी विचारल्या की मोडतील अशी भीती वाटते.

आम्हा दोघींना तलवारबाजीत ओढलं दळी सरांनी. ते आमचे पी. टी. चे मास्तर, काडीपैलवान, आवाज मात्र भोंग्यासारखा. कुठल्याशा शिबिराला महिनाभर जाऊन आले आणि येताना चार तलवारी, तीन मुखवटे आणि दोन जाड पांढरी जाकिटं घेऊन आले. आमची तलवार म्हणजे इपी. तिला धार नसते, टोकाला बटण असतं. टोक समोरच्याच्या अंगावर दाबलं गेलं की टच, मग ते डोक्याला लागो की पायाच्या अंगठ्याला. खाऱ्या हवेने पाती आठवड्यात गंजायची, म्हणून दर शनिवारी आम्ही त्यांना खोबरेल तेल चोळत बसायचो. पहिल्या दिवशी शाळेच्या हॉलात वीस पोरी आल्या होत्या. सरांनी महिनाभर नुसतं पुढे-मागे चालायला लावलं. दिवाळीपर्यंत आम्ही दोघीच उरलो. गावात लोक हसायचे, "काय गो, लढाईवर चाललीस काय?" मी उलट उत्तर द्यायचे, शैला हसून पुढे जायची.

तलवार चालवायला शिकवणं हा सरांच्या मते शेवटचा भाग होता. आधी अंतर. त्यासाठी ते माडाच्या झावळीचा हीर आणायचे, खराट्याला असतो तसला. त्याचं एक टोक माझ्या तळव्याला, दुसरं शैलाच्या. हात समोर, बोटं ताठ, पकडायचं नाही. ती पुढे आली की मी मागे, मी पुढे गेले की ती मागे, आणि हीर मधे तसाच राहिला पाहिजे. जवळ गेलं की तो वाकायचा आणि तळव्यात टोचायचा, लांब गेलं की पडायचा. पहिल्या आठवड्यात आम्ही दहा पावलंही टिकलो नाही. वर्षाने आम्ही डोळे मिटून हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचो आणि हीर हलायचा नाही. तो हीर इतका हलका की आहे की नाही ते कळू नये, पण तिने श्वास घेतला तरी तो मला तळव्यात कळायचा. माझं लग्न झालं, मूल झालं, सगळं यथासांग झालं, पण दुसऱ्या माणसाचं मन इतकं नेमकं मला परत कधी कळलं नाही. नवरा बिचारा चांगला होता, त्याचा काही दोष नाही.

मग थांबणं. सर आम्हाला समोरासमोर पवित्र्यात उभं करायचे, आणि जी आधी हल्ला करेल ती हरली. हे माझ्या जिवावर यायचं. दोन मिनिटं झाली की मी झेपावायचे. शैला नुसता हात लांब करायची आणि तिचं टोक माझ्या मनगटात. सर ओरडायचे, "पमे, तुला पॉइंट नको असतो गो. तुला सुटका हवी असते! ती बघ. तुला वाटतं घाबरल्ये म्हणून हलत नाही. ती तुझी वाट बघत्ये." दर टचनंतर मागे आपल्या रेषेवर जायचं, तीन श्वास घ्यायचे आणि एकाच ठरलेल्या जागी बघायचं, असाही त्यांचा नियम. मी वरच्या फुटक्या कौलाकडे बघायचे, तिथून आभाळाचा एक तुकडा दिसायचा. टच खाल्ल्यावर मी धुमसत बसले की सर म्हणायचे, "झाला तो झाला. त्याचं तेरावं घालत बसू नको. पुढचा बघ."

आणि वही. सरांनी आम्हाला एकेक वही दिली होती. सराव संपला की स्टेजच्या कडेवर बसून लिहायचं, प्रत्येक टच खायच्या आधी मनात काय चाललं होतं. हात कुठे होता ते नाही, मनात काय होतं ते. शैलाच्या वहीत असायचं, "आज आंबोळ्या असतील का." माझ्या वहीत पानंच्या पानं एकच वाक्य आहे, "बाबा आज येतील का." ती वही माझ्याकडे अजून आहे. सर वाचायचे आणि कधी काही बोलायचे नाहीत, फक्त एकदा त्यांनी मला घरून आणलेला फणसाच्या गऱ्यांचा डबा दिला आणि म्हणाले, इथेच बसून खा, घरी नेऊ नको.

आता ती रीत सांगते, जिच्यासाठी हे प्रकरण मी लिहायला घेतलं आणि चार वेळा फाडलं. आमच्या हॉलची जमीन लाल कोब्याची. मोठ्या शहरात खेळाच्या पट्ट्यावर धातूची जाळी अंथरतात, म्हणजे टोक जमिनीला लागलं तर दिवा लागत नाही. आमच्याकडे कुठली जाळी? सर फक्कीने दोन रेषा आखायचे, झाला पट्टा. जिल्ह्याजिल्ह्यातून फिरणारी दिव्यांची पेटी वर्षातून एकदा एस.टी.च्या टपावरून आमच्याकडे यायची. तिच्या वायरी तलवारीला जोडल्या की टोक दाबलं गेल्याबरोबर आपला दिवा लागायचा. त्या पेटीला माणसाचा पाय आणि कोबा यातला फरक कळत नव्हता. म्हणून सरांनी रीत पाडली. टोक जमिनीला लागलं की जिचं टोक तिने लगेच डावा हात वर करायचा आणि म्हणायचं, "भुई!" टच रद्द. कुणी विचारायच्या आधी, आपणहून. पेटी नसतानाच्या सरावात उलटी रीत, जिला टच लागला तिने म्हणायचं, "लागला." सर म्हणायचे, "पंच आंधळा असला तरी खेळ झाला पाहिजे." आम्हाला त्यात काही थोर वाटायचं नाही. भूक लागली की जेवावं तसं ते होतं.

आणि नेमका पाय हीच माझी खासियत. आईबरोबर ओहोटीला मी खडपात, किनाऱ्यावरच्या खडकांत जायचे, मासळी नसेल त्या दिवसांत ती कालवं काढायची आणि मी कुर्ल्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या मागे. कुर्ली दगडाच्या फटीत बसलेली असते. एका हाताने तिच्यासमोर काहीतरी हलवायचं, ती नांगी वर उचलते, की दुसऱ्या हातातली सळई खालून घालायची. तेच मी पट्ट्यावर करायचे. आधी मनगट दाखवायचं, समोरचीचं लक्ष वर गेलं की टोक एकदम खाली बुटावर. धोक्याचं काम, डोकं अख्खं उघडं पडतं. पण लागलं की समोरचीला कळायचंच नाही काय झालं. शैलाला मात्र कळायचं. ती शेवटच्या क्षणी पाय असा काही ओढून घ्यायची की माझं टोक कोब्यावर टक्कन आपटायचं, माझा डावा हात वर जायचा, आणि आम्ही दोघी मुखवट्याच्या आत हसायचो.

आम्ही सतरा वर्षांच्या झालो त्या वर्षी विभागाची निवड आमच्याच हॉलात झाली. पेटी आली, कोल्हापूरकडचे एक वयस्कर पंच आले, खेडहून, चिपळूणहून मुली आल्या. राज्याच्या स्पर्धेला एकीलाच पाठवणार होते. शैलाच्या वडिलांनी घरी सांगून टाकलं होतं, राज्यावर निवड झाली तर खेळ चालू राहील, नाहीतर जूनपासून पुण्याला मावशीकडे राहायचं, तिथल्या कॉलेजात नाव घालायचं, आणि ही दांडपट्ट्याची हौस पुरे. हे शैलाने मला आदल्या आठवड्यात पाती चोळताना सांगितलं. "गेले तर गेले," ती म्हणाली, पण तेल चोळायचं थांबली नाही, एकच जागा चोळत बसली. मला माझंही तितकंच कळत होतं. ती गेली तर माझ्या हातात दुपारचं ते झाकलेलं ताट आणि पत्र्यावरच्या झावळ्या. आणि मी हरले तर तेसुद्धा तसंच, वर कुणी मी आहे म्हणून बघणारंही नाही. आज बसून विचार करते तेव्हा सरळ दिसतं की शैला जिंकली असती तर ती इथेच राहिली असती. तेव्हा हे साधं गणित माझ्या डोक्यात शिरलं नाही. सतराव्या वर्षी माणूस इतकं मूर्ख असू शकतं यावर आता माझाच विश्वास बसत नाही.

सकाळी सरांनी पंचांना आमची रीत सांगितली. पंच हसले. "मुलीच सगळं सांगणार तर मला बोलावलं कशाला?" उपान्त्य फेरीत माझी गाठ खेडच्या मुलीशी होती. मी नऊ-तीनने पुढे होते. माझा टच तिच्या पायाशी गेला, दिवा लागला, पंचांनी माझ्या नावाने हात केला, आणि मी डावा हात वर केला. "भुई." पंच माझ्याकडे बघतच राहिले. मग हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शाब्बास! याला खेळाडू म्हणतात." टाळ्या पडल्या. माझ्यासाठी टाळ्या पडायची ती पहिलीच वेळ. आईने ऐकायला हवं होतं असं वाटलं, पण ती बाजारात होती.

अंतिम सामना अर्थातच शैलाशी. पंधरा टचचा. असा सामना कुणाला बघायला मिळू नये, इतका कंटाळवाणा, कारण आम्ही एकमेकींना पाठ होतो. ती थांबायची, मीही थांबायला शिकले होते. तीन-तीन, सात-सात, अकरा-दहा. बघणाऱ्या मुली जांभया द्यायला लागल्या. मला मात्र तळव्यात हीर जाणवत होता, खरंच सांगते, तलवार उजव्या हातात आणि हीर डाव्या. बारा-चौदा झाले तेव्हा ती पुढे होती. मी दोन टच घेतले, कसे ते आठवत नाही. चौदा-चौदा. मी मागे रेषेवर गेले. तीन श्वास. फुटकं कौल. आभाळाच्या तुकड्यात एक घार होती. मनात आलं, ती थांबणार. तिला माहीत आहे मी पायावर जाणार, म्हणजे मी वर जाईन असं ती धरून चालणार, म्हणजे पायच मोकळा असणार.

मी मनगट दाखवलं आणि खाली गेले. शैलाने पाय ओढला. माझ्या टोकाला काय लागलं ते मला त्याच क्षणी कळलं. कॅनव्हासचा बूट दबतो, कोबा दबत नाही, त्याचा झटका कोपरापर्यंत येतो. तिच्या बुटाच्या पुढे बोटभर अंतरावर लागलं होतं. माझा दिवा लागला. तिचं पातं माझ्या खांद्यावरून हवेतच गेलं. पंच म्हणाले, "थांबा." ते कडेला वाकून बघत होते, त्यांच्या आणि पायाच्या मधे माझाच गुडघा आला होता. सर पलीकडे पेटीच्या वायरींपाशी. पंचांनी माझ्याकडे बघितलं. सगळा हॉल माझ्या डाव्या हाताकडे बघत होता.

हात वर गेला नाही. त्याला काय झालं होतं? काही झालं नव्हतं. जड नव्हता, आखडला नव्हता. मीच वर केला नाही. वर पंखा करकरत होता, बाहेर कावळे ओरडत होते, आणि मी मुखवट्याच्या आत श्वास धरून उभी. शैलाने मुखवटा काढला. तिचे केस कपाळाला चिकटले होते. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती, कितीतरी वेळ. तेवढ्यात पंच मला नाही, तिला म्हणाले, "ही मुलगी लपवणारी नाही, मघाशी बघितलंय मी. तरी तू सांग. लागला का पायाला?"

शैलाने पुन्हा एकदा माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "लागला, सर."

सामना संपला की हात मिळवायचा असतो, आणि तो तलवारीच्या हाताने नाही, मोकळ्या हाताने. म्हणजे डाव्याच. मला तोच हात पुढे करावा लागला. तिचा हात थंडगार होता. तिने तो धरला, सोडला, मुखवटा काखेत मारला आणि कपडे बदलायला गेली. मला वाटलं ती बाहेर थांबेल. रोज थांबायची. मी बाहेर आले तेव्हा तिची सायकल नव्हती. त्या संध्याकाळी वहीत मी लिहिलं, "शेवटच्या टचच्या आधी मनात काही नव्हतं." त्या वहीतलं हे एकच खोटं वाक्य. मघाशी खेडच्या मुलीसमोर केलेला हात खरा होता, देवाशपथ खरा होता. पण त्या हाताच्या जिवावर दुसरं खोटं खपलं, आणि त्यानंतर तो आधीचा खरा होता की नव्हता हेच मला कळेनासं झालं. मनगट दाखवायचं आणि खालून सळई घालायची, हे मला फारच चांगलं येत होतं.

घरी आले तर आई त्या दिवशी लवकर येऊन खापरोळ्या करत बसली होती, नारळाच्या गोड रसात बुडवायच्या. दोन ताटं मांडलेली. माझ्या गळ्यातलं पदक बघून तिने पदराला हात पुसले, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि दाराकडे बघितलं. "शैला कुठं र्‍हायली गो?"

"घरी गेली."

"जिकलंस तू, नि ती आली नाय?" आई म्हणाली. "भांडलाव काय दोगी?"

"नाही."

"मग तोंड कशाला पाडलंस? ये, जेव. तिच्या वाटणीचं डब्यात भरते, सकाळी देऊन ये." मी खापरोळी नुसती रसात बुडवत राहिले. मला रडायचं होतं आणि रडायला कारण काय सांगायचं हे सुचत नव्हतं. डबा मी सकाळी नेला. शैलाची काकू दारात आली, डबा घेतला, म्हणाली, शैला झोपल्ये. सकाळचे दहा वाजले होते, आणि शैला सहाला उठणारी. रिकामा डबा चार दिवसांनी तिच्या चुलतभावाने आणून दिला, आत कोकमं भरून. आमच्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत.

ती हॉलात परत आली नाही. राज्याच्या स्पर्धेला दीड महिना होता आणि माझ्यासमोर कुणी नव्हतं. सर तलवार, मुखवटा सगळं काढून द्यायचे, पण दुखऱ्या गुडघ्यामुळे त्यांना स्वतः खेळता यायचं नाही. मी हीर घेतला, एक टोक तळव्याला लावलं आणि दुसरं चिऱ्याच्या भिंतीला. पुढे झाले की टोचायचा, मागे झाले की पडायचा. भिंत जागची हलत नाही. अर्धा तास मी तेच करत राहिले. सर स्टेजवरून बघत होते. शेवटी उठले, खाली पडलेला हीर उचलला आणि म्हणाले, "याला दुसरं माणूस लागतं, पमे." एवढंच. त्यांना कळलं होतं की नाही, ते मी त्यांच्या मरणापर्यंत विचारलं नाही. राज्याच्या स्पर्धेत मी पहिल्याच गटात सगळे सामने हरले. तिथे जाळी होती, जमिनीला टोक लागून दिवा लागायचा प्रश्नच नव्हता. तरी पायावर जायची वेळ आली की माझं मनगट मधेच थांबायचं. येताना एस.टी.त मी खिडकीला डोकं लावून बसले होते आणि शेजारची सीट अख्ख्या प्रवासात रिकामी राहिली. जूनमध्ये शैला पुण्याला गेली. मी पत्र लिहिलं नाही, तिनेही नाही. पुढे मी पोस्टात नोकरीला लागले, रोज हजारो लोकांची पत्रं हातावेगळी केली, आणि ते एक पत्र काही मला लिहिता आलं नाही.

गेल्या महिन्यात दुपारी दार वाजलं. उघडलं तर शैला. हातात काठी, केस पांढरेशुभ्र, पण ओळखायला क्षणही लागला नाही. वरच्या आळीतलं घर विकायचं होतं, त्या कामाला आली होती. "सरक गो," म्हणाली, "आत तरी येऊ दे." मी सरकले. चहा टाकला. बोलणं झालं, मुलांचं, गुडघ्यांचं, माझा नवरा गेल्याचं, तिच्या सुनेचं. शेवटी न राहवून विचारलं, "शैला, ती निवड आठवते तुला? आपल्या हॉलातली?"

"कुठली गो?" तिने चहा फुंकला. "किती वर्षं झाली त्याला. तू जिंकलेलीस ना बहुतेक?"

मला आधी हायसं वाटलं आणि मग भयंकर राग आला. म्हणजे ही विसरून मोकळी! इतकी वर्षं मी एकटी ते ओझं वाहत बसले आणि हिच्या खिजगणतीतही नाही? पुढचा विचार असा आला, मग झालंच की. विसरली तर विसरली. आता कशाला उकरायचं? चहा पिऊ, कोकमं बांधून देऊ, रिक्षापर्यंत सोडू. कुणालाच काही कळणार नाही. आणि तिथे माझं मलाच कळलं की हे वाक्य मी पूर्वी एकदा, त्या पट्ट्यावर उभी असताना, मनात म्हटलेलं आहे. शैला दोन्ही हातांत कप धरून बसली होती. पत्र्यावर झावळ्या घासत होत्या.

मी कप खाली ठेवला आणि डावा हात वर केला. खांदा दुखतो हल्ली, पुरता वर जात नाही. गेला तेवढा केला.

"भुई," मी म्हटलं.

शैलाने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, हाताकडे बघितलं. मग तिने कप हळूच टेबलावर ठेवला.

"किती वेळ लावलास गो, पमे," ती म्हणाली.